भोईरबाईंची श्रेढी

भोईरबाई माझ्या शेजारच्या वर्गावर गणित शिकवायच्या आणि मी मराठी. आमच्या दोन वर्गांमधली भिंत वीटभर जाडीची असेल, पण बाईंच्या आवाजापुढे ती असून नसल्यासारखीच होती. शाळेत लागले त्याच वर्षी एकदा मी आठवीला कविता शिकवत होते. कवितेतली आई दारात उभी राहून मुलाची वाट पाहते, असा भाग होता. मी जरा थांबले, वर्ग गंभीर झाला, आणि भिंतीपलीकडून हाक आली, "पाच, नऊ, तेरा. पुढचं पद काय?" माझ्या वर्गातली निम्मी मुलं एका सुरात म्हणाली, "सतरा."

मधल्या सुट्टीत मी थोडी घुश्शातच स्टाफरूममध्ये गेले. मी तोंड उघडण्याआधीच बाई म्हणाल्या, "तुझी ती आई वाट बघत होती ना गं, ती मी ऐकत होते. छान शिकवतेस." भिंत त्यांच्या बाजूनेही पातळच होती. माझी तक्रार तिथेच विरली, आणि त्या दिवसापासून त्यांच्या शेजारची खुर्ची माझी झाली.

बाई सगळ्यांना विषयावरून हाक मारायच्या. मी 'मराठी'. "ए मराठी, चहा घेतेस का?" "आज इतिहास आला नाही का?" "भूगोलाला सांग, माझा डस्टर परत दे." नवीन माणसाला आधी अपमान वाटायचा, मग सवय व्हायची. फक्त मुख्याध्यापिका त्यातून सुटल्या होत्या. त्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची, भोईरबाईही.

त्या मूळच्या मोहने गावच्या. वडिलांची नदीकाठी भातशेती होती आणि लहानपणी एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाका मारत त्या वाढल्या होत्या. आवाज तिथूनच आलेला. घरातली कॉलेजला गेलेली पहिली मुलगी. यजमान वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. दिवसभर मशीनच्या घरघराटात राहून ते घरी येतात, त्यामुळे त्यांना मी हळू बोलते असंच वाटतं, असं त्या सांगायच्या. उंच होत्या, पदर कमरेला खोचलेला, आणि खडूचा एक तुकडा कायम मुठीत. डब्यात बऱ्याचदा सुकट असायची. सुरुवातीला कोणीतरी वासाबद्दल नाक मुरडलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "ज्याला वास आवडत नसेल त्याने खिडकीत बसावं. मी इथंच बसणार." पुढे खिडकीत बसणारेच त्यांच्याकडे वाटी पुढे करू लागले.

स्वभावाने त्या गोड वगैरे नव्हत्या. उशिरा येणाऱ्याला दारातच उभं करायच्या, स्नेहसंमेलनाच्या तालमींसाठी तास मागितला की भांडायच्या. सहलीला तर कधी आल्याच नाहीत. पण मुलं त्यांच्या तासाला दांडी मारत नसत. त्याचं कारण मला हळूहळू कळलं. त्यांच्या वर्गात चुकीचं उत्तर देणं ही लाजेची गोष्ट नव्हती. कोणी चुकलं की त्या म्हणायच्या, "चला, कायतरी मिळालं," आणि ते चुकीचं उत्तर फळ्यावर लिहून त्यातून पुढे जायच्या.

दहावीला अंकगणिती श्रेढीचा धडा असतो. आकड्यांची एक रांग असते, आणि प्रत्येक आकड्यातून त्याच्या आधीचा आकडा वजा केला की दर वेळी तोच फरक यायला हवा. तसा आला तर ती अंकगणिती श्रेढी, नाही आला तर नाही. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीवर बाई पहिले कितीतरी तास घालवायच्या. सूत्राला त्या हातच लावू द्यायच्या नाहीत. "आधी ओळखायला शिक. जे समोर नाहीच त्याला सूत्र लावून काय करशील?"

धड्याची सुरुवात ठरलेली असे. फळ्यावर शब्द लिहायच्या आणि त्यातल्या एका अक्षराभोवती गोल काढायच्या. "श्रेढी या शब्दात एक ढ आहे. तो तिथंच राहू दे. या वर्गात दुसरा नाही." मागच्या बाकांवरची, स्वतःला ढ समजणारी मुलं त्या वाक्याला जी हसायची, ते हसू मी भिंतीपलीकडून दर वर्षी ऐकलं.

मग त्या दोन आणि चार असे दोन आकडे लिहून पुढचा विचारायच्या. वर्ग सहा म्हणायचा. त्या आठ लिहायच्या. वर्ग गोंधळला की आठ पुसून सात लिहायच्या, मग शंभर. आरडाओरडा झाला की सांगायच्या, "दोनावर भरवसा नाही. दोन आकडे कायपण असू शकतात. तिसरा बघ, चौथा बघ, शेवटपर्यंत जा, आणि मग बोल." हे त्या इतक्या वेळा म्हणायच्या की मुलं त्यांची नक्कल करायची, आणि नक्कल करता करता फरक काढायलाही शिकायची.

एकदा शाळेची तपासणी होती. तपासणीला आलेले साहेब मोठ्या बाईंबरोबर भोईरबाईंच्या नववीच्या वर्गात गेले आणि मुलांना जरा बोलतं करावं म्हणून त्यांनी विचारलं, "एक, दोन, चार. पुढे काय?" वर्ग म्हणाला आठ. साहेब खूश झाले. तेवढ्यात अश्विनी नावाची, तेलाने चप्प केस बसवलेली एक मुलगी उभी राहून म्हणाली, सातपण चालेल. साहेबांनी मान हलवली आणि तिला हाताने बसायची खूण केली. ती बसायला लागली. पण भोईरबाई पुढे झाल्या.

"साहेब, तिला सांगू दे. ती उगाच नाय बोलत."

अश्विनीने सांगितलं. आठ येतो तो दुप्पट केल्यामुळे. पण एकात एक मिळवला की दोन, दोनात दोन मिळवले की चार, तर चारात तीन मिळवून सात का नाही? साहेबांनी बोटांवर हिशेब करून पाहिला. मग नक्की उत्तर कोणतं, असं त्यांनी बाईंना विचारलं, आणि खरंच कुतूहलाने विचारलं. बाई म्हणाल्या, नियम सांगितल्याशिवाय नक्की उत्तर नाही. मोठ्या बाईंचा चेहरा पडला होता. तपासणीच्या दिवशी साहेबांना अडवायची काय गरज होती, असं त्या नंतर बराच वेळ ऐकवत होत्या. भोईरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "पोरगी बरोबर होती. ती खाली बसली असती तर परत उठली नसती."

पुढच्या वर्षी तोच वर्ग दहावीत गेला, आणि त्याच वर्षी बाईंचा आवाज गेला.

त्यांच्या गळ्यात थायरॉइडची गाठ होती. ऑपरेशन करावं लागणार होतं आणि आवाजाच्या नसेला धक्का बसू शकतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बाईंनी ते आम्हाला हसत सांगितलं होतं. माझा आवाज अर्धा झाला तरी तुमच्या दुप्पट राहील, असं म्हणाल्या होत्या. ऑपरेशन नीट झालं, गाठ साधी निघाली, जिवाचा धोका टळला. पण आवाज अर्धा झाला नाही, गेलाच. मी भेटायला गेले तेव्हा त्या पलंगावर बसल्या होत्या. ओठ हलले, आणि वारा फटीतून यावा तशी नुसती हवा बाहेर आली. काही महिन्यांत परत येईल, कदाचित येणारही नाही, असं डॉक्टर म्हणत होते. तोवर कुजबुजायचंही नाही. त्यांच्या यजमानांनी मला दारापर्यंत सोडलं आणि म्हणाले, "घर कसं झालंय बघा. मला झोप लागत नाही."

रजा संपली आणि बाई शाळेत हजर झाल्या. बोलायचं असलं की मोबाइलवर लिहून दाखवायच्या. शेजारच्या खुर्चीवरून मला मेसेज यायचा, 'मराठी, चहा.' आम्ही हसायचो, त्याही हसायच्या, पण बिनआवाजाचं हसू बघवत नसे.

मोठ्या बाईंनी प्रेमानेच सुचवलं की वर्षभर त्यांनी ग्रंथालय सांभाळावं आणि दहावीचं गणित दुसऱ्या शिक्षकांकडे द्यावं. ते बोलणं चाललं असतानाच पालकसभा आली. तिथे मोहन्याहून आलेले एक पालक उभे राहिले. मोरे त्यांचं नाव, कंपनीत सुपरवायझर होते. ते चढ्या आवाजात बोलले नाहीत. म्हणाले, बाईंबद्दल आम्हाला आदर आहे, माझी मोठी मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकली. "पण बोर्डाचं वर्ष आहे. ज्यांना बोलता येत नाही त्या शिकवणार कशा? तुम्हीच सांगा, मोठ्या बाई, तुमचं पोर असतं तर?"

भोईरबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या उठल्या, फळ्याकडे गेल्या आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'एक धडा द्या. अंकगणिती श्रेढी. नाही जमलं तर मीच सोडते.' मग खडू ठेवून जागेवर येऊन बसल्या. मोठ्या बाईंनी मोऱ्यांकडे पाहिलं, मोऱ्यांनी मान डोलावली. ते म्हणाले, चालेल, पण मी मागे बसून बघेन. त्यालाही बाईंची ना नव्हती.

पहिला तास वाईट गेला. गरज पडली तर मोठ्याने वाचून दाखवायला म्हणून मोठ्या बाईंनी मला वर्गात बसवलं होतं, म्हणून मी तो पाहिला. मोरे अजून आले नव्हते, ते दुसऱ्या दिवशी यायचे होते, हे नशीबच. बाई सवयीने फळ्याकडे तोंड करून लिहायला लागल्या आणि पाठीमागे कुजबुज सुरू झाली. पूर्वी त्यांनी नुसतं नाव घेतलं की वर्ग गप्प व्हायचा. आता त्यांना प्रत्येक वेळी वळावं लागत होतं, डस्टर टेबलावर आपटावा लागत होता. त्या भराभर वाक्यं लिहीत होत्या, मुलं उतरवून घेत होती, आणि कोणाला काहीच कळत नव्हतं. कोणीतरी हसलं. त्यांच्यावर नसेल, पण हसलं. तास संपल्यावर बाई स्टाफरूममध्ये आल्या आणि डबा न उघडताच बसून राहिल्या. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. मी पाणी पुढे केलं. मग त्यांनी मोबाइल उचलून लिहिलं, 'मी बोलत असल्यासारखी शिकवत होते. चूक तिथं आहे.'

दुसऱ्या दिवशी मोरे मागच्या बाकावर येऊन बसले, शेजारी मोठ्या बाई. भोईरबाई वर्गात आल्या आणि फळ्याकडे गेल्याच नाहीत. टेबलापुढे उभ्या राहून त्यांनी एकदा टाळी वाजवली. थांबल्या. मग तीन टाळ्या. थांबल्या. मग पाच. आणि हात तसेच वर धरून वर्गाकडे बघत राहिल्या. मग खिडकीजवळच्या एका बाकावरून टाळ्या सुरू झाल्या, त्यात बाकीचे मिसळले, आणि सातवर सगळा वर्ग थांबला. बाईंनी दोन बोटं वर करून भुवया उंचावल्या. दर वेळी दोनाचा फरक. माना हलल्या.

मग त्या फळ्याकडे वळल्या. लिहिलं, 'श्रेढी असेल तर उभे राहा. नसेल तर बसा. बोलायचं नाही.'

चार, नऊ, चौदा, एकोणीस. वर्ग उभा राहिला. बाईंनी हाताने बसवला.

दोन, चार, आठ, सोळा. काही उठले, अर्ध्यातच थबकले, फरक काढला आणि खाली बसले. बाकांचा खडखडाट झाला. बाई मजेत बघत होत्या.

दहा, सात, चार, एक, उणे दोन. या वेळी कोणी उठलं नाही. आकडे उतरत चालले होते, आणि उतरणारी कसली श्रेढी, असं सगळ्यांना वाटलं असावं. एकटी अश्विनी उभी राहिली. तिने इकडेतिकडे पाहिलं, बसावं की काय असं तिच्या मनात आलेलं दिसलं. बाईंनी होकार दिला नाही की नकारही. त्या तिच्या बाकापर्यंत चालत गेल्या आणि तिच्या हातात खडू दिला. अश्विनी फळ्यापाशी गेली. सातातून दहा गेले, उणे तीन. चारातून सात गेले, उणे तीन. एकातून चार, पुन्हा तेच. शेवटी उणे दोनातून एक गेला, तरी उणे तीनच. प्रत्येक दोन आकड्यांच्या मधे तिने ते लिहिलं. तिचा हात चालू असतानाच पाठीमागे एकेक जण उभा राहत होता. ती वळली तेव्हा सगळा वर्ग उभा होता. मी भाषेची शिक्षिका. एका शब्दाशिवाय एवढं पटवून दिलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग बाईंनी लिहिलं: एक, चार, सात, दहा, तेरा, सतरा.

सगळे झटकन उठले. आता त्यांना जमायला लागलं होतं ना. अश्विनीही उठली. बाई टेबलाला टेकून, हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. काहीच करेनात. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीने तोंडावर हात नेला आणि ती हळूच खाली बसली. तिच्या शेजारची बसली. तीन, तीन, तीन, तीन, आणि शेवटी चार! बघता बघता वर्ग खाली बसला, आणि मागच्या बाकाशी एकटे मोरे उभे राहिलेले दिसले. ते कधी उठले ते त्यांनाही कळलं नव्हतं. सगळ्या मुलांनी मागे वळून पाहिलं. मोऱ्यांनी फळ्याकडे निरखून पाहिलं, कपाळावर हात मारला आणि हसत बसले. बोलायचं नाही हा नियम त्या वेळी पहिल्यांदा मोडला. वर्ग एवढा हसला की शेजारच्या वर्गातले शिक्षक बघायला आले.

तास संपल्यावर मोरे बाईंजवळ आले. काही मोठं बोलले नाहीत. म्हणाले, "चालू द्या, बाई." आणि मग जरा थांबून, उद्याही आलो तर चालेल का, असं विचारलं. बाईंनी मोबाइल काढून लिहिलं, 'गृहपाठ करून या.'

ग्रंथालयाचा विषय परत निघाला नाही. वर्षभर तो वर्ग तसाच चालला. सिद्धता मुलं मोठ्याने वाचायची, एकमेकांना अडवायची, फळ्यावर भांडायची, आणि बाई मधेच एखादा आकडा पुसून सगळ्यांना पुन्हा कामाला लावायच्या. भिंतीपलीकडून आता मला एक आवाज येत नसे, खूप येत असत. त्या वर्षी गणितात सगळे पास झाले असं नाही. दोघेतिघे राहिले. बाईंनी त्यांना फेरपरीक्षेसाठी घरी बोलावलं. अश्विनीला फार चांगले मार्क मिळाले. ती पेढे घेऊन आली आणि बाईंच्या पाया पडून त्यांच्यासारखीच, काही न बोलता उभी राहिली.

आवाज पुढच्या वर्षी परत आला. पण तो जुना नव्हता. चिरका, मधेच तुटणारा, वरच्या पट्टीत न चढणारा. पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलल्या तेव्हा स्वतःच दचकून म्हणाल्या, "ही कोण बाई बोलते?" डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली होती, तरी वर्गात त्या फार बोलायला लागल्या नाहीत. मी एकदा कारण विचारलं. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं मीच बोलत होते, म्हणून पोरांना बोलायला जागाच नव्हती. हे त्यांनी दुःखाने सांगितलं नाही. नवीन पद्धत सापडलेल्या माणसाच्या उत्साहाने सांगितलं.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा आता घरी बसतील, नातवंडांत रमतील असं आम्ही धरून चाललो होतो. काही महिन्यांनी कळलं की त्या आठवड्यातून दोनदा ठाण्याला जातात. वागळे इस्टेटच्या बाजूला कर्णबधिर मुलांची एक शाळा आहे, तिथे दहावीच्या मुलांना गणित शिकवतात. त्यासाठी या वयात खुणांची भाषा शिकल्या. फोनवर मी आश्चर्य व्यक्त केलं, तर म्हणाल्या, "अगं मराठी, अर्धी भाषा मला येतच होती."

मागच्या महिन्यात मी भाचीकडे ठाण्यात बाळकुमला गेले होते. येताना वाकडी वाट करून त्या शाळेत गेले. शिपायाने जिना दाखवला. बाईंचा वर्ग कोणता हे विचारावं लागेल असं वाटलं होतं, पण वरच्या मजल्यावर एकाच वर्गाचं दार उघडं होतं. मी दारात उभी राहिले. आत पंखा फिरत होता, तेवढाच काय तो आवाज.

फळ्यावर लिहिलं होतं: सात, सात, सात, सात.

फळ्यापाशी दोन वेण्या घातलेली एक मुलगी आणि भोईरबाई समोरासमोर उभ्या होत्या आणि त्यांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं, हातांनी. मला खुणा येत नाहीत. पण इतकी वर्षं बाईंच्या शेजारी बसल्यामुळे भांडण कशावरून आहे ते समजलं. मुलीचं म्हणणं, आकडा जागचा हलतच नाही, तर ही श्रेढी कशी? बाईंचं म्हणणं, फरक शून्य आहे, पण दर वेळी शून्यच आहे ना? मग झाली श्रेढी. मुलीला ते पटत नव्हतं. ती फळ्यावर हात आपटत होती, तळहात आडवे फिरवत होती. बाकीची मुलं बाकांवर उभी राहून दोन्ही बाजूंनी हात नाचवत होती. बाईंचे केस आता पूर्ण पांढरे झालेत. पदर तसाच खोचलेला होता. मुलगी हट्टाने काही मांडत होती तेव्हा त्या मान वाकडी करून, डोळे बारीक करून तिच्या हातांकडे बघत होत्या, एकही खूण सुटू नये म्हणून.

मधेच त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. मला पाहून चेहरा उजळला. त्यांनी माझ्या दिशेने तळहात वर केला, जरा थांब. आणि तोच हात तसाच फिरवून त्या मुलीकडे वळल्या, आता बोल.